खालून आठ सेंटिमीटर

“ताई, आठ सेंटिमीटरची जाहिरात आलीया. कुठलं काढू?” इलाही मुजावरनं विचारलं.

तो काचेच्या टेबलावर वाकून उभा होता. काचेखाली ट्यूबलाइट असायची, तिच्या उजेडात वरचा कागद आरपार दिसायचा. ही १९९७ सालची गोष्ट. आमच्या सांगलीच्या दैनिकात तेव्हा पानं कॉम्प्युटरवर लागत नसत. मजकूर चकचकीत कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर उमटून यायचा आणि इलाही त्या पट्ट्या ब्लेडनं कापून पानावर चिकटवायचा. रविवारच्या पुरवणीचं पान गुरुवारी दुपारी लागे. ते पान माझं होतं आणि त्यावरचा मोठा लेखही माझाच होता.

जाहिरात खात्याचा माणूस दारातूनच म्हणाला, “मॅडम, लेखाच्या पायाशीच पाहिजे म्हणालेत. दुसरीकडं नको.”

“खालनं काढ,” मी इलाहीला म्हणाले.

“वाचून तरी बघा की. शेवटाला डॉक्टरचं कायतरी आहे.”

“इलाही, तीन वाजले. खालनं काढ म्हटलं ना!”

जागा कमी पडली की वर्तमानपत्रात खालून कापतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. महत्त्वाचं ते वर, आणि गेलं तरी चालेल असं ते खाली, अशीच बातमी लिहायची असते. इलाहीनं पट्टी धरली, ब्लेड ओढलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत जाहिरात बसवली. कापलेला तुकडा त्याच्या कोपराला चिकटला. तो तसाच चहाला गेला आणि मी तिसऱ्या पानाकडं वळले.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. कल्याणी मगदूम हे नाव लेखाखाली छापून आलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. तो लेख एका शिबिरावर होता. पुण्याचे कुणी निनादजी मिरजेच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवस ‘मूळस्मृती उपचार’ देत होते. पन्नास माणसं सतरंजीवर डोळे मिटून पडायची, टेपवर तंबोरा लागायचा आणि निनादजी संथ आवाजात त्यांना मागं मागं न्यायचे. आधी शाळेत, मग पाळण्यात, मग थेट आईच्या पोटात. तिथं तुम्हाला कुणी दुखावलं ते शोधायचं. एकदा ते सापडलं की दुखणं गेलं. “गोळी आठवण दाबते, आम्ही ती सोडवतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी ते मथळ्याखाली ठळक टाइपात घेतलं.

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तिथं रडले. कशासाठी रडले ते मला आजही सांगता यायचं नाही. आजूबाजूला पन्नास माणसं हुंदके देत असली की आपलेही डोळे भरतातच. मला वाटलं, केवढं मोठं काहीतरी घडतंय! हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. संपादक इनामदार साहेबांनी लेख वाचून टेबलावर थाप मारली होती. “झकास! रविवारी घराघरात बायका रडल्या पाहिजेत.”

दुसरी बाजू म्हणून मी मिरजेच्या डॉक्टर तगाऱ्यांकडं गेले होते. मनोविकारांचे डॉक्टर, साठीचे, बोलायला रुक्ष. त्यांच्या दवाखान्यात माणसं भिंतीला टेकून मुकाट बसली होती. तिथं लिहिण्यासारखं मला काहीच दिसलं नाही.

“बाई, लोक रडून मोकळे होतात त्याला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण एक वाक्य छापा. ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा बंद करायची नाही. आजार उलटतो, आणि उलटला की दुप्पट होऊन येतो. माझं नाव नाही छापलं तरी चालेल. हे वाक्य छापा.”

मी ते लिहिलं, नाव घालून लिहिलं. आणि ते शेवटच्या परिच्छेदात होतं.

लेख रविवारी आला. बुधवारपर्यंत बेचाळीस पत्रं आली. निनादजींच्या पुढच्या शिबिराची जाहिरात लेखाच्या पायाशीच होती, त्यामुळे ते शिबिरही भरलं. मुद्रितशोधन खात्यातले उपाध्ये अण्णा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “छान उतरलाय ओ लेख. घरी वाचायला दिलो.”

अण्णांकडून कौतुक म्हणजे मोठी गोष्ट. शांतिनाथ उपाध्ये तीस वर्षं प्रुफं वाचत होते. धोतर, टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात लाल पेन. आमच्या दैनिकातला प्रत्येक शब्द आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. वेलांटी चुकली की ते मोठमोठ्या लेखकांनासुद्धा फोन करत. बरोबर असलेल्या परिच्छेदाशेजारी बारीकशी लाल खूण करत. त्यांची खूण असली की आम्ही पुन्हा वाचायच्या भानगडीत पडत नसू.

तीन आठवड्यांनी इनामदार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अण्णा आधीच तिथं उभे होते. ते चार दिवस रजेवर होते, त्याच दिवशी हजर झाले होते. दाढी वाढली होती. मला वाटलं, ताप आला असेल.

साहेबांच्या हातात डॉक्टर तगाऱ्यांचं पत्र होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. तुमचा लेख वाचून औषधं सोडलेले तीन रुग्ण माझ्याकडे आले आहेत, त्यांतल्या एकीला भरती करावं लागलं. मी तुमच्या प्रतिनिधीला स्पष्ट शब्दांत एक सूचना छापायला सांगितली होती. ती का छापली नाही, याचा खुलासा व्हावा.

“कल्याणी, हे म्हणतायत तसं काही सांगितलं होतं त्यांनी?”

माझी पाचावर धारण बसली. ‘हो’ म्हणाले तर पुरवणी गेली, हे मला साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सहा वर्षं धडपडून मिळवलेली पुरवणी होती ती.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “शिबिरात जाऊ नका, असं काहीतरी म्हणाले होते. औषधाचं काही बोलले नाहीत.”

“अण्णा, तुमच्या प्रुफात होतं का असं वाक्य?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. शाळेत गणित चुकलेल्या मुलाकडं मास्तर बघतात तसं त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “बघायला लागेल.”

“बघा आणि सांगा. सापडलं तरी आपण आता काय करणार म्हणा! जे छापलंच नाही त्याची दुरुस्ती कशी छापायची?” साहेबांनी पत्र फायलीत घातलं. प्रकरण तिथंच मिटलं.

जुनी प्रुफं तीन महिने गठ्ठ्यात बांधून ठेवायची पद्धत होती. ती अण्णांच्याच ताब्यात असत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी मी आठ दिवस दचकत होते. आता अण्णा कागद घेऊन वर जातील, मग जातील. अण्णा गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा रजेवर गेले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं आपल्याला सांभाळून घेतलं. उपकार मानायला हवेत. मी पावशेर पेढे घेतले आणि गावभागात त्यांचं घर शोधत गेले.

जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागं दोन खोल्यांचं घर. उन्हं कलली होती. अण्णांच्या पत्नी शकुंतलाकाकू चुलीशी होत्या. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून त्यांची घाई चालली होती. आतल्या खोलीत खिडकीशी एक मुलगी पाठमोरी बसली होती. तिनं वळून बघितलं नाही.

“तुम्हीच काय त्या कल्याणीताई?” काकू उठून आल्या. “या की, बसा. लेख लई छान लिहिला होतासा. आमच्या सुप्रभानं चार वेळा वाचला.”

अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर गेले होते, येतीलच म्हणाल्या. मग पदर सारखा करून त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि आतल्या खोलीकडं बघत हळू आवाजात बोलू लागल्या. कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून त्या तिष्ठत असाव्यात.

सुप्रभा चोवीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा झालं. महिनाभर झोप नाही, अखंड बोलणं, घरातून निघून जाणं. डॉक्टर तगाऱ्यांच्या गोळ्यांनी ती सावरली. पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होती, आणि पेठेतल्या बालवाडीत शिकवत होती. पोरं तिच्या मागं मागं फिरायची. दोन ठिकाणांहून मागणंही आलं होतं.

“मग तुमचा लेख आला,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतंच. “मला म्हणाली, आई, गोळी नुसती दाबून ठेवतीया म्हणं. मी म्हटलं, डॉक्टरला विचार बाई. तर म्हणाली, हे अण्णांच्या पेपरात आलंय. अण्णांनी शब्दन् शब्द वाचलाय. चूक असती तर अण्णांनी काढली नसती काय?”

मी हातातली पेढ्यांची पुडी खाली ठेवली.

तिनं गुपचूप गोळ्या बंद केल्या. रोज मोगऱ्याच्या कुंडीत पुरायची. जाहिरात बघून ती निनादजींच्या दुसऱ्या शिबिराला गेली. तिथं तिला आठवलं, की लहानपणी अण्णांनी तिला अंधाऱ्या कोठीत कोंडून मारलं होतं.

“आमच्या घरात कोठीच न्हाई ओ,” काकू म्हणाल्या. “कधी न्हवतीच. आणि ह्यांनी पोरीला कधी बोटसुद्धा लावलं न्हाई. पण तिला दिसत होतं ते. तिनं ह्यांच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं.”

झोप गेली. तीन वह्या लिहून भरल्या. आणि एका सकाळी बालवाडीतल्या चौदा पोरांना रांगेत घेऊन ती कृष्णेच्या घाटावर गेली. त्यांच्या मनातली भीती धुऊन काढायची होती तिला. पोरं कंबरभर पाण्यात उभी होती, गाणं म्हणत होती, आणि ती त्यांना आणखी पुढं बोलावत होती. कपडे धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही. पण आईबाप दारात आले, बालवाडी सुटली आणि सुप्रभाला मिरजेला भरती करावं लागलं. परवाच घरी आणली होती.

ती बातमी मी वाचली होती. आमच्याच पेपरात, तिसऱ्या पानावर एक कॉलम. ‘वेडसर शिक्षिकेने चिमुकल्यांना नदीत उतरवले’. नाव दिलं नव्हतं. वाचून मी चहाचा घोट घेतला होता आणि पान उलटलं होतं.

अण्णा आले. मला बघून दचकले नाहीत. टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, “आलासा. बरं झालं. मी वाटच बघत होतो.”

“अण्णा, मला माहीत नव्हतं…”

“त्या नदीच्या बातमीचं प्रूफ माझ्याकडंच आलं होतं,” ते सावकाश म्हणाले. “पोरीला दवाखान्यात सोडून घरी बसवेना, म्हणून तेवढी संध्याकाळ कामावर आलो होतो. ‘वेडसर’ शब्द होता. लाल पेन हातात होतं. पण शुद्धलेखन बरोबर होतं ओ. शब्द बदलायचा आम्हाला हक्क न्हाई. खूण केली आणि दिली पुढं.”

मला रडू आलं. शिबिरात आलं होतं तसं नव्हे. हे कशासाठी येतंय ते मला नीट कळत होतं.

अण्णांनी फळीवरून घडी घातलेला कागद काढला. माझ्या लेखाचं प्रूफ. शेवटचा परिच्छेद पूर्ण होता आणि शेजारी बारीक लाल खूण होती.

“मी हे वाचलं होतं. म्हणून बिनघोर पोरीला पेपर दिलो. म्हटलं, शेवटी डॉक्टरांचं आहेच. घरी पेपर येतो, प्रूफ येत न्हाई, हे तीस वर्षं काम करून माझ्या ध्यानात आलं न्हाई.”

“अण्णा, ऐनवेळी जाहिरात आली. मी खालनं कापायला सांगितलं. आणि साहेबांसमोर मी खोटं बोलले.”

“ठाऊक आहे.”

“मग तुम्ही हा कागद साहेबांना का दाखवला नाही?”

“त्यांना दाखवून काय करू? ते म्हणालेच की, न छापलेल्याची दुरुस्ती नसते.” अण्णांनी आतल्या खोलीकडं बघितलं. “माझं काम वेगळं आहे. पोरगी आजारी पडल्यावर मी रागाच्या भरात तिला म्हणालो, अगं, शेवटी लिहिलं होतं की गोळी बंद करू नका म्हणून! नीट वाचायला येत न्हाई काय? तेव्हापासनं तिनं तो पेपर सोडला न्हाई. दवाखान्यातसुद्धा उशाला होता. मागनं मी छापलेला पेपर बघितला तेव्हा मला कळलं, की वाक्य कापलंय. तिला सांगितलं, हे प्रूफ दाखवलं. तिला पटत न्हाई. तिला वाटतंय, बाप समजूत घालतोय. आणि बापावरचा तिचा भरवसा त्या शिबिरात गेलाय. कोठी नव्हती हे तिला आता कळतंय, पण भरवसा काय लगेच येत न्हाई. म्हणून मी थांबलो होतो. तुम्ही आपण होऊन येऊन सांगायला पाहिजे होतं.”

मी आतल्या खोलीत गेले. सुप्रभाच्या मांडीवर पुरवणी होती. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता. गोळ्यांनी तिचा चेहरा जरा सुजला होता आणि जीभ जड झाली होती, पण नजर स्वच्छ होती.

“ताई, तुम्ही लिहिलायसा न्हवं हे?” ती म्हणाली. “एक विचारू? अण्णा म्हणतात, शेवटी एक वाक्य होतं. मी दहा-दहा वेळा बघितलं. मला दिसत न्हाई. नसलेली कोठी मला दिसली, आणि असलेलं वाक्य दिसत न्हाई. माझ्या डोळ्यांनासुद्धा झालंय काय?”

मी तिच्यासमोर बसले.

“नाही. तुझे डोळे बरोबर आहेत. वाक्य लिहिलं होतं, पण छापलं नाही. मी ते कापलं, सुप्रभा. जाहिरातीला जागा हवी होती म्हणून मी कापायला लावलं. जिथं ते होतं तिथं ही शिबिराची जाहिरात आहे. बघ.”

तिनं जाहिरातीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“म्हणजे मी नीट वाचलं होतं?”

“अगदी नीट वाचलं होतंस.”

तिनं मान वर केली आणि दाराकडं बघून हाक मारली, “अण्णा! मी नीट वाचलं होतं.” अण्णा दारातच उभे होते. धोतराच्या सोग्यानं त्यांनी चष्मा पुसला, चष्म्यावर काही नसताना पुसला. काकू गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सुप्रभानं तांब्या अण्णांच्या हातात दिला आणि मग त्यांच्या हातून घेतला. काकूंनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. पुरवणी माझ्याकडून गेली आणि मला बाजारभावांच्या पानावर बसवलं. त्याचं मला काही वाटत नाही. डॉक्टर तगाऱ्यांचं वाक्य पेपरात कधीच आलं नाही. सुप्रभाला बालवाडीत परत घेतलं नाही, दोन्ही मागणी मोडली. ती घरी शिवणकाम करू लागली आणि अण्णा गेल्यावर आईला तिनंच सांभाळलं. तिची गोळी एक दिवस चुकली नाही. हे सगळं पुढं झालं. पण सव्वीस-सत्तावीस वर्षांनी आज मला आठवते ती त्या संध्याकाळची निघायची वेळ.

मी चपला घालत होते. सुप्रभा दारापर्यंत आली होती.

“ताई, आणि एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “पोरांना मैदानावर न्यायचं झालं की आम्ही आधी सांगतो, रस्त्यावर पळायचं न्हाई, हात सोडायचा न्हाई. मग गाणं. ते वाक्य एवढं महत्त्वाचं होतं, आणि खालचं कापतात हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मग तुम्ही ते शेवटाला का घातलंसा?”

मला उत्तर माहीत होतं. पहिल्या खर्ड्यात ते वाक्य दुसऱ्या परिच्छेदात होतं. मीच ते उचलून खाली नेलं होतं, कारण वर ठेवलं की लेखाचा सगळा रंग उतरत होता. आता या घरात खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“ते वर असतं,” मी म्हणाले, “तर लेख कुणी वाचला नसता.”

सुप्रभानं विचार केला. मग अगदी साधेपणानं म्हणाली, “मी वाचला असता.”